तोंड मिटलं की थांबा: राखणदार कुत्र्याचा राग आणि उन्हाळा एकत्र सांभाळताना

काजळ दोन वर्षं दोन महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. दुपारचे दोन वाजले होते, एसी बंद पडला होता आणि तो दुरुस्त करायला आलेला मुलगा दारात उभा होता. काजळ आमची रॉटवायलर जातीची कुत्री, तेव्हा ४६ किलोची. फरशीवर अंग टाकून, जीभ लोंबकळत ठेवून धापा टाकत पडली होती. उन्हानं इतकी गळपटली आहे, ती कशाला उठते, असं मला वाटलं. मी त्याला म्हटलं, "ये रे, काही करत नाही ती." त्यानं उंबरा ओलांडला आणि काजळचं तोंड मिटलं. धाप एकदम थांबली. पुढच्या दोन सेकंदांत त्याच्या शर्टाची बाही तिच्या दातांत होती. कातडीला ओरखडासुद्धा आला नाही, पण कफ फाटला. तो मुलगा जिन्यात बसून थरथरत होता आणि त्याला पाणी द्यायला गेले तर ते माझ्याच हातून सांडत होतं.

ती दोन सेकंदं मी नंतर पुन्हा पुन्हा आठवली. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी असतात त्या पंजांच्या गाद्यांत, आणि त्यांनी फारसं काही भागत नाही. जीभ आणि श्वासमार्गातला ओलावा वाफ होऊन उडतो, मुख्यतः त्यानंच त्याचं अंग थंड राहतं. म्हणजे उकाड्यात धापणं ही त्याची गरज असते. एवढी गरज असताना ते कुत्रं माणसाकडे पाहून तोंड मिटून घेतं, याचा अर्थ आता त्याला स्वतःला थंड करण्यापेक्षा समोरचा माणूस महत्त्वाचा झालाय. गुरगुरण्याच्या आधीची ही खूण आहे. ती दिसली की जिथे आहात तिथेच थांबा आणि कुत्र्याला तिथून बाजूला घ्या. मला हे त्या दिवशी माहीत असतं तर त्या मुलाची बाही शाबूत राहिली असती.

तोवर मी उन्हाळा आणि अनोळखी माणसांवरचा राग या दोन वेगळ्या कटकटी समजत होते. त्या वेगळ्या नाहीत. २०२३ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या आठ शहरांमधल्या, २००९ ते २०१८ या काळातल्या जवळपास ७० हजार चाव्यांचा अभ्यास आला होता. गरम, कडक उन्हाच्या आणि हवेत ओझोन जास्त असलेल्या दिवशी चावे थोडे वाढलेले दिसले. वाढ मोठी नव्हती, आणि एवढ्यावरून गरमीमुळेच कुत्री चावतात असंही सिद्ध होत नाही. पण ज्याच्या घरात जाड केसांचा राखणदार आहे त्याला हे पटायला अभ्यास लागत नाही. झोप अर्धवट, अंगाची लाही लाही, आणि त्यात दारावरची बेल.

सगळ्यात आधी डॉक्टर. मला वाटलं होतं ट्रेनरला फोन करावा, पण आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी आधी तिला तपासायला बोलावलं. डाव्या कानात खोलवर संसर्ग निघाला. म्हणजे ती कितीतरी दिवस कान ठणकत असताना पाहुण्यांना सहन करत होती. दुखणारं कुत्रं लवकर चिडतं, आणि मोठ्या जातींत खुब्याची, कोपराची, गुडघ्याची दुखणी फार. थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या. वजनही बघा. अंगावरची चरबी उष्णता आत कोंडून ठेवते आणि सांध्यांवर भार टाकते. काजळला ४६ वरून ४१ किलोवर आणायला आठ महिने लागले, आणि त्यानंतरचा उन्हाळा तिला उघडपणे सोपा गेला.

आता उन्हाचं. राग आवरायचं शिक्षण सुरू करण्याआधी हे बसवा, कारण तापलेलं कुत्रं शिकत नाही. काजळ उकडत असताना चिकनचा तुकडासुद्धा तोंडातून टाकून द्यायची. खाऊ नको झाला की शिकवणं तिथेच संपलं.

काळ्या कुत्र्याला ऊन जास्त लागतं हे उघड आहे, पण पांढऱ्या, दाट केसांच्या कुत्र्यालाही दमट हवेत तितकाच त्रास होतो. हवा दमट असली की जिभेवरचं पाणी उडत नाही, मग कितीही धापा टाकल्या तरी अंग निवत नाही. म्हणून नुसतं तापमान बघून फिरायला नेऊ नका. बुलमॅस्टिफसारख्या आखूड तोंडाच्या जातींना तर धापा टाकूनही पुरेशी हवा घेता येत नाही. त्यांच्यासाठी माझ्या सगळ्या वेळा अजून आखडत्या घ्या. उन्हाळ्याचे सुरुवातीचे दिवस सगळ्यात वाईट, कारण शरीराला गरमीची सवय व्हायला काही आठवडे जातात. त्या दिवसांत मी काजळला फक्त पहाटे नेते, सूर्य वर यायच्या आत परत. संध्याकाळी जायचं तर रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघते. मला टेकवत नाही तर तिला चालवत नाही. ऊन उतरलं तरी डांबर बराच वेळ तापलेलं असतं, हे लोक विसरतात.

केस काढून टाकावेत का, हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच. दुहेरी केसांच्या कुत्र्याची हजामत करू नका. वरचे केस ऊन थेट कातडीवर पडू देत नाहीत, आणि एकदा तासले की कधी कधी नीट परत येत नाहीत. काढायची आहे ती आतली मेलेली लव. आठवड्यातून दोनदा ब्रश घेऊन बसा. मानेमागे, मांड्यांवर आणि शेपटीच्या मुळाशी ती जास्त साठते. ती निघाली की कातडीपर्यंत वारा पोचतो. पोटावरचे केस थोडे आखूड करायला हरकत नाही, म्हणजे थंड फरशीचा उपयोग होतो.

घरातली सगळ्यात थंड जागा तिची, हा आमच्याकडे आता नियमच आहे. फरशी, पंखा, आणि पाण्याची दोन भांडी वेगवेगळ्या ठिकाणी. एका किलोमागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिली पाणी असा ढोबळ हिशेब असतो, म्हणजे काजळला दोन ते अडीच लिटर, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. ही जागा दारापासून आणि खिडकीपासून लांब हवी. आमची चूक इथेच होती. थंड वारा दाराजवळ येतो म्हणून ती दारात झोपायची, आणि येणारा प्रत्येक माणूस तिच्या झोपेत पाय ठेवायचा. तिची जागा आतल्या खोलीत हलवली, खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला पांढरा कागद चिकटवला, आणि भुंकणं एका आठवड्यात निम्म्यावर आलं. काही शिकवलं नव्हतं अजून.

राखणीचं कुत्रं म्हणून त्याला बाहेर साखळीला बांधून ठेवू नका. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला मागे सरकता येत नाही, म्हणून ते पुढे येतं. दिवसभर लोक लांबून जातात, ते भुंकतं, लोक निघून जातात, आणि भुंकल्यामुळेच ते गेले असं ते शिकतं. त्यात सावली फिरते आणि साखळी तेवढी फिरत नाही.

उष्माघात ओळखता आलाच पाहिजे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, गुदद्वारात थर्मामीटर लावून मोजलेलं. ४१ च्या वर गेलं की जिवावरचं. पण थर्मामीटर शोधत बसू नका. थांबतच नाही अशी धाप, घट्ट चिकट लाळ, लालभडक किंवा पुढे फिकट-निळसर हिरड्या, झोकांड्या, उलटी, जुलाब, हाक मारल्यावर न बघणं, यातलं काही दिसलं की आधी थंड करा, मग गाडीत घाला. सावलीत नेऊन नळाचं पाणी अंगभर ओता. पोट, जांघा, काखा, पंजे विसरू नका. ओततच राहा आणि पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो पटकन गरम होतो आणि वाफ आत धरतो. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापमान ३९.५ च्या आसपास आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली जातं. आणि कुत्रं उठून उभं राहिलं, शेपूट हलवायला लागलं तरी डॉक्टरकडे न्याच. मूत्रपिंडांना आणि रक्त गोठण्याच्या क्रियेला झालेली इजा काही तासांनी वर येते. उभ्या गाडीत ठेवायचं नाही, काच खाली असली तरीही. बाहेर २४ अंश असताना गाडीच्या आत दहा मिनिटांत ३४ होऊ शकतात.

मझल म्हणजे तोंडाची जाळी, आणि ऊन व राग नेमके तिथेच एकमेकांना भेटतात. अनोळखी माणसांत न्यायचं तर राखणदार कुत्र्याला मझल हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कापडाची, तोंड आवळून बंद करणारी मझल उन्हाळ्यात घातक आहे. तोंड उघडता आलं नाही तर कुत्रं धापू शकत नाही, आणि धापता आलं नाही तर त्याला अंग थंड करायला दुसरी पुरेशी वाटच नाही. टोपलीसारखी, जाळीची मझल घ्या, आणि तीही इतकी खोल की आत तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढता येईल, पाणी पिता येईल, फटीतून खाऊ घेता येईल. दुकानात मझल घालून तोंड मिटलेलं कुत्रं बघून माप ठरवू नका. आधी थोडं पळवून, धापायला लावून, तोंड किती उघडतं ते बघा.

तिची सवय करायला मी तीन आठवडे घेतले. पहिले चार दिवस मझल जमिनीवर वाटीसारखी ठेवायची आणि आत चिकन. मग हातात धरून, तिनं स्वतः नाक आत घालेपर्यंत थांबायचं. मग पट्टा फक्त कानामागे टेकवून लगेच काढायचा. मग लावून पाच सेकंद, दहा, मिनिट. दिवसातून दोनदा, आणि घरात कुणी पाहुणा नसताना. मझल फक्त पाहुणा यायच्या आधीच कपाटातून बाहेर काढली, तर ती दिसली म्हणजे संकट येतंय एवढंच कुत्रं शिकतं.

आता माणसांचं. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना जे बघतं, ऐकतं, हुंगतं, ते जगाचा भाग म्हणून मान्य करतं. काजळ या वयात कमी माणसांत वाढली. हे आता परत येत नाही. दुसरं असं की राखणदार जाती मनानं उशिरा प्रौढ होतात, दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान. लहानपणी कुणाच्याही मांडीवर लोळणारं कुत्रं या वयात एकाएकी गुरगुरायला लागतं, आणि घरचे म्हणतात, "हिला झालंय काय?" काही झालेलं नसतं. पिढ्यान्‌पिढ्या माणसानं जे निवडून घेतलं ते आता जागं होतंय. म्हणून ध्येय नीट ठरवा. काजळला अनोळखी माणसं आवडायला हवीत असं मी कधीच म्हटलं नाही. तिला त्यांचं काही पडलेलं नसावं, एवढंच मला हवं होतं.

पद्धत साधी आहे, वेळ मात्र लागतो. आधी अंतर शोधा. माणूस दिसतोय पण कुत्र्याचं अंग अजून सैल आहे, ते खाऊ घेतंय, नाव घेतल्यावर कान हलतोय, असं अंतर. काजळचं ते बावीस पावलं होतं. बाकावर बसायचं, माणूस दिसला की लगेच चिकनचा तुकडा, तो दिसतोय तोवर एकामागून एक तुकडे, तो दिसेनासा झाला की खाऊ बंद. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी खिशात हात गेला आणि मग माणूस आला, तर उपयोग नाही; माणूस खाऊची खबर देणारा व्हायला हवा. पाच मिनिटं, मग घरी. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस लांबून एक सायकलवाला आला. काजळनं त्याच्याकडे बघितलं, आणि मान वळवून माझ्याकडे. तोंड उघडं, कपाळ सैल, नजर माझ्या खिशावर. ती मान वळणं मी अजून डोळ्यासमोर आणू शकते. त्यानंतर दर आठवड्याला एक-दोन पावलं जवळ, आणि वाईट दिवस असला तर पाच पावलं मागे. चार महिन्यांनी आम्ही सहा पावलांवर आलो. बाहेरच्या अनोळखी माणसांच्या बाबतीत त्याच्या आत मी गेलेच नाही, गरज नाही.

ती ताठ व्हायला लागली की चिकन दाखवून पुढे ओढू नका. ताठरलेलं अंग, मिटलेलं तोंड, डोळ्यांच्या कडेचं पांढरं, मानेवर उभे राहिलेले केस, वर ताठ धरलेली आणि बारीक हलणारी शेपूट. हलणारी शेपूट म्हणजे खूश हा गैरसमज फार जणांना महागात पडला आहे. यातलं काहीही दिसलं तर वळा आणि चालायला लागा. नसत्या वेळची जांभई आणि ओठ चाटणं याही आधी येतात.

उन्हाळ्यात एक घोटाळा होतो. ताणामुळेही कुत्रं धापतं, आणि तुम्हाला वाटतं गरम होतंय. मी हे असं ओळखते: सावलीत, वाऱ्यात, पहाटे, काही पळापळ न करता धाप लागली असेल, ओठांचे कोपरे मागे खेचलेले असतील आणि कपाळावर सुरकुत्या असतील, तर ते ऊन नाही. कोणत्याही कारणानं असो, त्या दिवशी सराव नाही.

गुरगुरल्याबद्दल मारू नका, ओरडू नका, काट्यांचा किंवा शॉक देणारा पट्टा लावू नका. मला हा सल्ला अनेकांनी दिला, त्यातल्या एकानं तर फी घेऊन दिला. अनोळखी माणूस दिसला की मान दुखते, असं कुत्र्याच्या डोक्यात बसलं तर ते त्या माणसावर प्रेम करणार आहे का? फार तर गुरगुरणं थांबेल, आणि मग राहील फक्त चावा, न सांगता आलेला. गुरगुरणं ही त्यानं तुम्हाला दिलेली मुदत आहे. ती वापरा, माणूस लांब करा.

घरी कुणी यायचं असेल तर आमचा क्रम ठरलेला आहे. बेल वाजण्याआधी फोन करायला सांगते. काजळ आतल्या थंड खोलीत, पंखा चालू, दार बंद, समोर गोठवलेलं चिकनचं पाणी भरलेलं रबरी खेळणं. चाटत राहण्यानं ती शांत होते आणि थोडा गारवाही मिळतो. दुरुस्तीची माणसं, सामान पोचवणारे, एकदाच येणारे यांना ती दिसतच नाही. सगळ्यांशी ओळख करून द्यायलाच हवी असं काही नाही.

वारंवार येणाऱ्यांसाठीच पुढचा खटाटोप करा, आणि तोही सकाळी गारव्यात. पाहुणा आधी बसलेला हवा. मग काजळ मझल आणि लीश लावून येते, चार पावलांवर माझ्याजवळ. पाहुण्यानं तिच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, वाकायचं नाही. हुंगायला हात पुढे करा, हा जुना सल्ला विसरा. त्याच्या हातून खाऊही भरवायचा नाही. खाऊच्या ओढीनं कुत्रं नको तितकं जवळ येतं, खाऊ संपतो, आणि आपण एका परक्याच्या मांडीपाशी उभे आहोत हे त्याच्या लक्षात येतं. त्यापेक्षा पाहुण्याला तुकडा तिच्या मागच्या बाजूला टाकायला सांगा. मझल असल्यानं तुकडा छोटा, मऊ हवा, जमिनीवरून जाळीच्या फटीतून उचलता येईल असा. ते जमत नसेल तर मागे वळवून तुम्हीच भरवा. माणसापासून लांब गेलं की चांगलं घडतं, हे तिला कळलं की पुढे यायचं की नाही हे ती स्वतः ठरवते. दहा मिनिटांनी ती परत आत.

तुमच्या कुत्र्यानं कुणाला रक्त निघेपर्यंत चावलं असेल, किंवा घरच्याच माणसावर दात धरले असतील, तर माझं वाचून हे करू नका; कुत्र्यांच्या वागणुकीचं शिक्षण घेतलेल्या पशुवैद्याकडे जा. आणि चावा झालाच तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, कुत्र्याचं रेबीजचं लसीकरण पूर्ण असलं तरी.

एक राहिलं, आणि ते मला उशिरा कळलं. सगळं छान चाललेलं असतं, काजळ पाहुण्यापासून चार पावलांवर डोळे मिटून पडलेली असते, आणि पाहुणा निघायला म्हणून झटकन उठतो. बसलेला माणूस एकदम उंच होतो, खुर्ची कर्रकन सरकते. आमच्याकडे दुसऱ्यांदा वेळ आली ती अशीच, मझल होती म्हणून निभावलं. तेव्हापासून पाहुण्यांना येतानाच सांगून ठेवते, "उठायच्या आधी मला सांगा, आणि मी सांगेपर्यंत बसून राहा." मग मी काजळला हाक मारते, ती उठून येते, आम्ही दोघी आतल्या खोलीत जातो, मी दार लावते, तिची मझल काढते, पाण्याचं भांडं पुढे सरकवते. ती प्यायला लागल्याचा आवाज आला की बाहेरच्याला म्हणते, "या आता."